चौथं वर्ष, पाच तुकडे

आमची सव्वापाच एकर जमीन पाच ठिकाणी आहे. आप्पा, म्हणजे माझे वडील, सकाळी मोटारसायकल काढतात, आधी नदीकाठच्या पट्टीत जातात, तिथून पाटाच्या पलीकडे, मग गावठाणामागे, आणि उन्हं चढल्यावर खालच्या अंगाला राहिलेल्या दोन तुकड्यांत. एका ठिकाणी मोटार चालू करून यावं तर दुसऱ्या ठिकाणी गुरं शिरलेली. "आपली जमीन येकठायी ऱ्हाती ते..." असं म्हणून ते थांबतात. हे वाक्य मी कधी पूर्ण झालेलं ऐकलं नाही. त्यापुढे काय काय झालं असतं हे घरात प्रत्येकानं आपापल्या मनानं भरून घेतलेलं आहे.

दुसऱ्या वर्षाला आम्हाला कृषी भूगोलात एक प्रश्न हमखास यायचा, भारतीय शेतीच्या समस्या. त्यात तुकडीकरणाचा मुद्दा मी नेहमी पहिला लिहायचे, कारण तो मला घरातून पाठ होता. वारसाहक्कामुळे वाटण्या होतात, क्षेत्र लहान होतं, बांधात जमीन वाया जाते, शेतकऱ्याचा वेळ जातो, म्हणून १९४७ चा तुकडेबंदी आणि एकत्रीकरणाचा कायदा. खाली रेघ मारून निष्कर्ष. या उत्तराला मला चांगले गुण मिळाले होते. ती उत्तरपत्रिका आज कुणी माझ्यासमोर ठेवली तर मी ती अर्ध्यावर थांबवून म्हणेन, थांब, हे तुकडे नेमके कुठले?

हा प्रश्न मला पडायला चौथं वर्ष यावं लागलं.

'ऑनर्स' हा शब्द आमच्याकडे नवा आहे. आमच्या आधीच्यांचा शब्द होता 'स्पेशल'. माझ्या आत्यानं धुळ्याला बी.ए. केलं, तिला आजही कुणी विचारलं तर ती सांगते, "माझा स्पेशल भूगोल होता." तिसऱ्या वर्षाला जनरलचा एक पेपर आणि स्पेशलचे दोन, एवढा तो विशेषपणा. आमच्या मामेभावाचा एक मित्र दिल्लीला शिकून आला, त्याच्याकडे तीन वर्षांतच ऑनर्सची पदवी होती. म्हणून घरात पहिला गोंधळ हाच झाला की दिल्लीत जे तीन वर्षांत मिळतं त्यासाठी धुळ्यात चार वर्षं का? मला समजावून सांगावं लागलं की त्याचा ऑनर्स म्हणजे साधारण आत्याचा स्पेशल, आणि आमचा वेगळा. २०२० च्या शैक्षणिक धोरणानंतर पदवी चार वर्षांपर्यंत नेता येते. आमच्याकडे दर सत्राला २२ क्रेडिट. तीन वर्षांची १३२ झाली की पदवी घेऊन बाहेर पडायचं, किंवा अजून एक वर्ष थांबून १७६ पूर्ण करायची आणि ऑनर्स घ्यायचं. त्यातही दोन वाटा. साधा ऑनर्स, आणि संशोधनासह ऑनर्स. दुसरीसाठी पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के किंवा त्याच्या बरोबरीचे ग्रेड लागतात, आणि १२ क्रेडिट एकट्या संशोधन प्रकल्पाची असतात.

आप्पांनी सगळं ऐकून एकच विचारलं, "वरीस वाया जाई का?"

मी कापसाच्या वजनकाट्याच्या पावतीमागे हिशोब मांडला. तीन अधिक एम.ए.ची दोन, पाच. चार अधिक एम.ए.चं एक, पाच. ऑनर्सनंतर एम.ए. एका वर्षात होतं. पीएच.डी.ला थेट अर्ज करायचा तरी चार वर्षांची पदवी आणि ७५ टक्के चालतात. त्यांनी पावती हातात घेऊन पुढची-मागची दोन्ही बाजू पाहिली आणि खिशात ठेवली. ती त्यांनी कितीतरी दिवस जपून ठेवली होती, हे मला मायनं नंतर सांगितलं.

खरी अडचण वर्षाची नव्हती. आमच्या वर्गातल्या पात्र ठरलेल्या पाच जणांपैकी एकानं पोलीस भरतीची तयारी धरली, एकीनं बी.एड.ची सीईटी दिली. आम्ही तिघांनी अर्ज केला. माझ्यासाठी त्या वर्षी दोन स्थळं आली होती. माय वाईट बोलली नाही, फक्त म्हणाली, "मार्क ते चांगला शेतस, मंग आखो काय पाहिजे?" या प्रश्नाला माझ्याकडे तेव्हा उत्तर नव्हतं, आणि मी ते असल्याचं भासवलंही नाही. मोठी माय चुलीपाशी बसून होती, ती म्हणाली, "शिकी राहिनी ते शिकू द्या." घरात मोठ्या मायचं वाक्य शेवटचं असतं.

अर्जात नाव, गुण, आधार, क्रेडिट बँकेचा नंबर हे सगळं झाल्यावर एक मोठा रिकामा चौकोन होता. संशोधनाचा विषय आणि प्रस्ताव, तीनशे शब्द. मी लिहिलं, 'पांझरा नदीखोऱ्याचा भौगोलिक अभ्यास'. त्याखाली नदीचा उगम, साक्री तालुक्यातून येणारा प्रवाह, धुळ्यावरून उत्तरेला वळून मुडावदला तापीत मिळणं, पर्जन्यमान, मृदा, पिके. तीनशे शब्द कधी भरले कळलंही नाही. मला वाटलं होतं, आता मुलाखत फक्त नावाला.

समितीत तीन शिक्षक होते. आमच्या भूगोलाच्या मॅडमनी कागद वाचला, चष्मा काढला आणि म्हणाल्या, "ही नदी आहे. प्रश्न कुठे आहे?"

मी गप्प बसले. त्या पुढे म्हणाल्या, "हे सगळं पुस्तकात आहे, तू ते आठ दिवसांत लिहून काढशील. तुला एक वर्ष मिळणार आहे. वर्षभर कशाच्या मागे जाणार आहेस?" आवाजात राग नव्हता. त्यांनी मला आठ दिवस दिले आणि कागद परत केला.

बालवाडीपासून आम्हाला प्रश्न विचारले जातात आणि आम्ही उत्तरं देतो. खालीलपैकी कोणतेही चार सोडवा. प्रश्न नेहमी आधीच छापलेला असतो, आपण त्याच्या खालच्या रिकाम्या जागेत राहतो. सोळा वर्षं शिकून मी पहिल्यांदाच अशा कागदासमोर बसले होते जिथे प्रश्नाचीच जागा रिकामी होती. त्या रात्री होस्टेलवर मी तीन प्रश्न लिहिले आणि तिन्ही खोडले. तिन्हींची उत्तरं मला आधीच पाठ होती.

शनिवारी घरी आले. धुळे-साक्री एसटी, महिला सन्मान योजनेचं अर्धं तिकीट, खिडकीची जागा. कुसुंबा गेलं, नेर गेलं, डाव्या-उजव्या हाताला पांझरा दिसत-लपत राहिली. मी त्या रस्त्यानं शेकडो वेळा गेले असेन. त्या दिवशी मी बाहेर बघत होते ते काहीतरी सापडेल या आशेनं, आणि काहीही सापडत नव्हतं.

संध्याकाळी आप्पा दमून आले आणि बाजेवर बसून नेहमीचं वाक्य अर्ध्यावर सोडलं. आणि माझ्या तोंडून सहज निघालं, "आबा, पण आपली जमीन पाच ठिकाणी का आहे?"

आबा, म्हणजे माझे आजोबा, ओट्यावर शेंगा सोलत होते. ते माझ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "माले आतेपावत कोनी इचारंच नही."

आबा तरुणपणी काही वर्षं फडावर पाटकरी होते हे मला माहीत होतं. समोरचे तात्या शिंपी होते हे जसं माहीत होतं, तसंच. त्यात विचारण्यासारखं काही आहे असं कधी वाटलं नव्हतं. पाटकरी म्हणजे पाटाचं पाणी सोडणारा, बस. त्या रात्री आबांनी सोललेल्या शेंगांची टरफलं बाजेवर मांडून मला जे सांगितलं ते मी वहीत उतरवून घेतलं, आणि पहाटे पुन्हा वाचलं तेव्हा मला झोप येणं शक्य नव्हतं.

ते असं होतं. नदीवर बंधारा. बंधाऱ्यातून निघणारा पाट, त्याच्या चाऱ्या, चाऱ्यांतून शेतात जाणारे सारंग. या पाण्याखाली भिजणारी सगळी जमीन म्हणजे थळ. थळाचे भाग पाडलेले, बहुतेक ठिकाणी चार, एकेक भाग म्हणजे एक फड. एका फडात एकच पीक. यंदा या फडात ऊस, त्या फडात गहू, पलीकडे हरभरा, असं गावानं बसून ठरवायचं. पाणी शेतकऱ्यानं आपल्या हातानं घ्यायचं नाही, ते पाटकरी देणार, ओळीनं, सगळ्यांना. राखणीला जागल्या. पाटाचा गाळ काढायला ज्याची जेवढी जमीन तेवढी माणसं त्याच्या घरची. आणि आबा जिथे थांबले, जिथे त्यांनी टरफलं पुन्हा वेगळी मांडली, ते हे: प्रत्येक घराची थोडी जमीन प्रत्येक फडात.

"कसाले?" मी विचारलं.

"पानी कमी पडनं ते?" आबा म्हणाले. "येकच फड भिजी. मंग ज्यानी जमीन त्या फडमा नही, त्यानी काय खावं?"

पाऊस कमी झाला की गाव ठरवायचं, यंदा दोनच फड भिजवू, किंवा एकच. बाकीचे कोरडे. ज्यांची सगळी जमीन एका जागी असती त्यांच्यातले काही जण तरले असते आणि काही बुडाले असते. पण प्रत्येकाची पट्टी प्रत्येक फडात असल्यामुळे टंचाई आली की ती सगळ्या घरांत सारखी वाटली जायची, आणि पाणी आलं की तेही. "पानी येकनं नही, फडनं शे," हे आबांचं वाक्य माझ्या प्रबंधाच्या पहिल्या पानावर आहे.

म्हणजे ज्याला आप्पा उभं आयुष्य कटकट म्हणत आले, आणि ज्याला मी परीक्षेत मागासलेपणाचं कारण म्हणून गुण मिळवले, तो कुणीतरी मुद्दाम केलेला बंदोबस्त होता. तीनशे-चारशे वर्षांपासून पांझरा, मोसम, आरम या नद्यांच्या काठी चालत आलेला. मला त्या रात्री आनंद झाला आणि थोडी लाजही वाटली. ज्या घरात मी वाढले त्याच घरातली गोष्ट मला टरफलांवरून शिकावी लागली.

मी परत जाऊन चौकोनात एकच ओळ लिहिली. थळातल्या खातेदारांच्या जमिनीचे तुकडे किती फडाचे आणि किती वाटणीचे? मॅडमनी वाचलं, दोनदा वाचलं आणि सही केली.

घरात त्या काळात स्थळाची बोलणी चालू होती आणि माझी थळाची. दोन्ही शब्द मुळात एकच. मोठ्या मायला दर वेळी ऐकू यायचं स्थळ, आणि तिच्या चेहऱ्यावर आशा दिसायची, ते आठवलं की आजही मन हळवं होतं.

सातव्या सत्रात संशोधन पद्धतीचा पेपर होता. त्यात गृहीतक, नमुना निवड, प्रश्नावली हे सगळं होतं, ते शिकले. पण जे खरं शिकले ते तलाठी कार्यालयाच्या बाकावर. सातबारा आता मोबाइलवर दिसतो, पण सातबारा फक्त आजचं सांगतो. कालचं सांगतो तो फेरफार. कुठली जमीन कुणाच्या नावावरून कुणाच्या नावावर कधी आणि कशानं गेली, वारसानं, खरेदीनं की वाटणीनं, हे त्या जुन्या नोंदीत असतं. काही पानं पार पिवळी, काहींच्या कडा गेलेल्या, काही मोडीत. मोडीसाठी मी दोन महिने रोज एक तास दिला. आजही अडखळते, पण नावं, गट आणि 'वाटणी' हा शब्द ओळखू येतो. तो शब्द पहिल्यांदा स्वतः वाचला तेव्हा मी बाकावरून उठून उभीच राहिले होते.

धुळ्यात राहून संशोधन करणाऱ्या माणसाला राजवाडे संशोधन मंडळात जाण्यावाचून गत्यंतर नाही. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी गावोगाव फिरून कागद गोळा केले आणि ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळ्यातच त्यांचं निधन झालं. पुढच्याच वर्षी त्यांच्या नावानं मंडळ उभं राहिलं. मी तिथे ज्या टेबलाशी बसायचे तिथून खिडकीतून रस्ता दिसायचा, रिक्षा, शाळेची मुलं, भाजीच्या गाड्या. फडाबद्दल मला थेट तिथे थोडंच मिळालं. पण कागदासमोर बसायचं कसं, घाई न करता, हे तिथे बसून जमायला लागलं. १८८० साली छापलेलं खानदेशचं गॅझेटिअर मी तिथेच पहिल्यांदा नीट वाचलं. तोवर मोबाइलवर त्याची पानं नुसती सरकवत होते.

आणखी एका माणसाची मला त्या वर्षी सोबत झाली. साक्रीकडे जाताना दातर्ती लागतं. विश्वेश्वरय्या १८८४ मध्ये मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात नोकरीला लागले, सुरुवातीच्या काळातच खानदेशात आले, आणि दातर्तीच्या पाण्यासाठी पाइपचा सायफन बसवण्याचं काम त्यांच्याकडे आलं, ऐन पावसाळ्याच्या तोंडावर. त्यांचं वय तेव्हा जेमतेम बावीस-तेवीस होतं. पुढे म्हैसूरचे दिवाण, भारतरत्न, मोठमोठी धरणं, हे सगळं आम्हाला शाळेत शिकवलं होतं. पण आमच्या बसच्या रस्त्यावर त्यांनी उमेदवारी केली हे कुणी सांगितलं नव्हतं. पुढच्या काळात त्यांनी कालव्यांसाठी जी ब्लॉक पद्धत, म्हणजे जमिनीचे ठरावीक गट पाडून पाणी द्यायची पद्धत, आणली तिचं आणि फडाचं साम्य अभ्यासकांनी दाखवलेलं आहे. मी त्या साम्यावर तीन पानं लिहिली. मॅडमनी दोन कापली. म्हणाल्या, साम्य दिसलं म्हणजे एक दुसऱ्यातून आलं असं होत नाही, पुरावा दे. माझ्याकडे नव्हता. एकच पान राहिलं.

कापण्यावरून सांगायचं तर, डिसेंबरात जे झालं ते मला सांगायलाच हवं. तोवर मी तिसरं प्रकरण लिहून पूर्ण केलं होतं. त्यात आमच्या घराचं उदाहरण होतं. पाच तुकडे, पाचही फडाचे, आबांची साक्ष, हातानं काढलेला नकाशा. चाळीस पानं. मला ते प्रकरण फार आवडायचं. मॅडमनी विचारलं, "पाचही फडाचेच कशावरून?" मी म्हटलं, आबांनी सांगितलं. त्या म्हणाल्या, "आबांनी फड कसा चालतो ते सांगितलं. तुमचे पाच तुकडे कसे झाले ते फेरफार सांगेल. तो बघितलास?"

मी गावातल्या इतर घरांचे फेरफार पाहिले होते. आमच्या घराचा पाहिला नव्हता. मला गरजच वाटली नव्हती.

नोंदीत तीन पट्ट्या जुन्या निघाल्या, तीन वेगवेगळ्या फडांतल्या, वाटणीच्या आधीपासून तिथेच. खालच्या अंगाचे उरलेले दोन तुकडे मात्र आबांचे वडील आणि त्यांचे भाऊ वेगळे झाले तेव्हाचे. थळाच्या बाहेरचे, कोरडवाहू, मधोमध चिरलेले. आप्पा ज्यांच्यासाठी सर्वांत जास्त धावतात ते नेमके हेच दोन. म्हणजे आप्पांचं अर्धं राहिलेलं वाक्य निम्मं खरं होतं. आणि माझं पुस्तकी उत्तरही पूर्ण खोटं नव्हतं.

त्या दिवशी होस्टेलच्या गच्चीवर मी रडले. चाळीस पानं गेली म्हणून रडू आलं असं मैत्रिणीला सांगितलं. खरं कारण वेगळं होतं. मला हवं असलेलं उत्तर मिळालं म्हणून मी प्रश्न विचारायचं थांबवलं होतं. पहिल्या प्रस्तावात प्रश्नच नव्हता, तिथून इथवर येऊनही मी तेच केलं होतं, फक्त या वेळी उत्तर पुस्तकातलं नसून आबांचं होतं, एवढाच फरक. नवीन प्रकरण अठरा पानांचं झालं. ते जास्त चांगलं आहे.

दर शनिवारी आम्ही तिघं एकमेकांना आपलं काम ऐकवायचो. एक जण सारंगखेड्याच्या घोडेबाजारावर काम करत होता. दत्तजयंतीच्या यात्रेत तो चार दिवस तंबूत राहून आला आणि पुढचे दोन शनिवार आम्ही दुसरं काही बोललोच नाही. दुसरी रावेरकडची, केळीच्या वाहतुकीवर. तिला सातव्या सत्रानंतर घरच्या अडचणीनं थांबावं लागलं. तिची अर्धी वही माझ्याकडे आहे. ती परत येईल या भरवशावर मी ती ठेवली आहे.

यावर मला मनापासून काही बोलायचं आहे. संशोधनाचं वर्ष गावाकडच्या मुलांना बाकीच्या वर्षांपेक्षा महाग पडतं. वर्गात बसायला फी लागते, पण थळावर जायला बसभाडं, झेरॉक्स, दुपारचं जेवण आणि शेतातले बुडालेले दिवस लागतात. आमच्याकडे नकाशाचं सॉफ्टवेअर एकाच संगणकावर होतं आणि वाचनालय पाचला बंद व्हायचं. शिक्षक मनानं सोबत होते, पण त्यांच्या डोक्यावर इतर शंभर कामं होती. या वर्षासाठी विद्यावेतन मिळालं असतं, महिन्याला अगदी थोडं, तर रावेरची ती थांबली नसती असं मला वाटतं.

हे मागणं अवाजवी नाही. खानदेशात हे आधी घडलेलं आहे. अमळनेरला प्रताप शेठजींनी १९१६ मध्ये तत्त्वज्ञान मंदिर सुरू केलं. तिथे देशभरातून अभ्यासक यायचे, त्यांना राहायला जागा आणि विद्यावेतन मिळायचं, आणि काम एकच, विचार करणं. साने गुरुजी अमळनेरला आले ते आधी याच मंदिरात अभ्यासासाठी, शाळेतली शिक्षकी नंतरची. कापसाच्या आणि गिरणीच्या पैशावर उभ्या राहिलेल्या एका लहान गावानं शंभर वर्षांपूर्वी हे ओळखलं होतं की विचार करणाऱ्या माणसाला आधी दोन वेळचं जेवण लागतं. आमच्या विद्यापीठाला ज्यांचं नाव दिलं आहे त्या बहिणाबाई शाळेत गेल्या नव्हत्या. त्यांच्या नावाच्या विद्यापीठात शाळेत गेलेल्या मुलीचं शिक्षण बसभाड्यावरून अडू नये, असं मला वाटतं.

तोंडी परीक्षेला बाहेरून एक सर आले होते. त्यांनी नकाशा बराच वेळ पाहिला. फड का ढिला पडला यावर मी लिहिलं होतं, विहिरी आल्या, पंप आले, ज्याचं त्याचं पाणी ज्याच्या त्याच्या बांधावर आलं, वर नदीवर धरणं झाली, मग एका फडात एक पीक हा नियम पाळायला कुणाला गरज उरली नाही. सरांनी मान डोलावली. मग विचारलं, "तुझ्या वडिलांना उद्या हे पाच तुकडे एकत्र करून मिळाले, तर ते घेतील?"

मी म्हटलं, घेतील. लगेच घेतील.

"मग तुझ्या प्रबंधाचं काय?"

मी थोडा वेळ घेतला आणि म्हटलं, "सर, ते पाणी सगळ्यांचं होतं तेव्हाची ही मांडणी आहे. आता पाणी आमच्या विहिरीचं आहे. आप्पा चुकीचे नाहीत." सरांनी काहीतरी लिहून घेतलं. काय लिहिलं हे मला आजवर कळलेलं नाही. ग्रेड चांगला आला.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, घरी आले. आखाजीला आमच्याकडे सालदारांची, म्हणजे वर्षभराच्या गड्यांची, सालं ठरतात आणि लेकी माहेरी येतात. अंगणातल्या निंबाला झोका बांधला होता, आत्या आली होती, खापरावर पुरणपोळ्या चालल्या होत्या. जेवणं झाल्यावर मी काळ्या रेक्झिनमध्ये बांधलेला प्रबंध आप्पांच्या हातात दिला. त्यांनी मजकुराची पानं हळूहळू उलटली आणि मधली मोठी घडी उघडली, थळाचा नकाशा. फड चार रंगांत, आमच्या पट्ट्या लाल. आबाही बाजेवरून वाकून बघत होते.

आप्पांचं बोट आमच्या नदीकाठच्या पट्टीवर आलं, तिथून शेजारच्या रंग न भरलेल्या अरुंद पट्टीवर. "बांध आठे नही, तठे शे," ते म्हणाले. मग जरा थांबून, "आनी ह्या पट्टा कोना शे?"

मी नकाशाकडे पाहिलं. त्या पट्टीला मी गट नंबर दिला होता, पण नाव लिहिलं नव्हतं. नोंदीत ते मिळालं नव्हतं, आणि मी ती जागा कोरी सोडून दिली होती. आबांनाही पटकन आठवेना. ते डोळे मिटून दोन-तीन घरांची नावं पुटपुटले आणि प्रत्येक नावावर मान हलवत राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी आप्पांनी मोटारसायकल काढली आणि हॉर्न वाजवला. मी वही घेऊन मागे बसले.